सौर अनुदान किती, यापेक्षा नियम किती वर्षे?

महोदय,

स.न.वि.वि.

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना आर्थिक मदत द्यावी की नाही, याची चर्चा बहुतेक वेळा खर्चाचा कितवा हिस्सा सरकार उचलणार, या एकाच आकड्याभोवती फिरत राहते. हा आकडा जाहिरातीत छापायला सोयीचा असतो, म्हणून तो सर्वांच्या लक्षातही राहतो. परंतु ज्या कुटुंबाने कर्ज काढून किंवा साठवलेली पुंजी मोडून ही यंत्रणा बसवली, त्याचा हिशेब पुढची अनेक वर्षे दुसऱ्याच गोष्टीवर अवलंबून असतो. भर दुपारी तयार झालेली आणि घरात न लागलेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, गेल्यावर तिच्या प्रत्येक युनिटचे मोल काय धरले जाते, आणि मोल धरण्याचा तो नियम किती काळ टिकतो, हे खरे कळीचे प्रश्न आहेत.

हे मोल धरण्याच्या दोन पद्धती आहेत. नेट मीटरिंगमध्ये ग्रिडला दिलेले युनिट ग्रिडकडून घेतलेल्या युनिटांतून सरळ वजा होते. म्हणजे ग्राहक ज्या दराने वीज विकत घेतो, जवळपास त्याच दराने ती परत देतो. नेट बिलिंगमध्ये दिलेल्या युनिटचा दर वेगळा, आणि बहुधा बराच कमी असतो. ज्या घरातील माणसे दिवसभर कामावर असतात, त्यांना हा फरक सर्वाधिक जाणवतो, कारण त्यांची बहुतेक सौरवीज बाहेर जाते आणि त्यांची स्वतःची गरज सूर्य मावळल्यावर सुरू होते. सुरुवातीचे अनुदान तेच राहिले, तरी अशा एका नियमबदलाने गुंतवलेले पैसे वसूल होण्याचा काळ कित्येक वर्षांनी लांबू शकतो.

दर कमी करण्याला माझा विरोध नाही. सौर घरे रात्रीसाठी ग्रिडवरच विसंबून असतात, त्या तारांचा आणि उपकेंद्रांचा खर्च मात्र त्यांच्या बिलातून पुरेसा वसूल होत नाही आणि तो छतावर पॅनेल नसलेल्यांच्या माथी बसतो, हा वीज कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. (तो करताना त्या स्वतःच्या वीजगळतीविषयी फारसे बोलत नाहीत, हा भाग वेगळा.) आक्षेप आहे तो चालू खेळात नियम बदलण्याला. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या वीज नियामकांनी डिसेंबर २०१५ मध्ये कमी केलेला दर आणि वाढवलेला स्थिर आकार नव्या ग्राहकांबरोबरच आधी पॅनेल बसवलेल्यांनाही लागू केला. परिणामी पॅनेल बसवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी त्या राज्यातले काम आवरते घेतले, लोक संतापले आणि २०१६ मध्ये जुन्या ग्राहकांना त्यांचे आधीचे नियम परत द्यावे लागले. याउलट कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून परत दिलेल्या विजेचे मोल सरासरी सुमारे तीन चतुर्थांशाने घटवले, पण ते त्यानंतर अर्ज करणाऱ्यांसाठी. आधीच्यांची यंत्रणा जोडल्यापासूनची वीस वर्षांची मुदत कायम ठेवली. कपात कठोर होती, तरी अर्ज करण्यापूर्वीच ती माहीत असल्याने ज्याचा त्याला निर्णय घेता येत होता.

जर्मनीच्या २००० सालच्या अक्षय ऊर्जा कायद्याचे यश लोक त्यातील घसघशीत दराला देतात. तो घसघशीत होताच, युनिटला ९९ फेनिग, म्हणजे तेव्हाच्या चलनात जवळपास एक मार्क. मला मात्र त्यातली दुसरी तरतूद अधिक मोलाची वाटते : एकदा जोडणी झाली की त्या छताचा दर वीस वर्षे हलत नाही, आणि नंतर येणाऱ्यांसाठीचा दर ठरलेल्या क्रमाने उतरत जातो. या विजेचा बोजा पुढे तेथील सर्वसामान्य ग्राहकांच्या बिलावर अधिभार म्हणून पडत गेला, आणि तो २०२२ मध्ये काढून टाकावा लागला, हेही सांगितलेच पाहिजे. जपाननेही १९९४ मध्ये घरगुती यंत्रणांना जवळपास निम्म्या खर्चाइतके अनुदान देऊन सुरुवात केली आणि ते टप्प्याटप्प्याने उतरवत नेले.

करसवलतीचा मार्ग तर मला मुळातच लंगडा वाटतो. अमेरिकेत घरगुती सौर यंत्रणेच्या खर्चावर तीस टक्के करसवलत मिळत असे, पण ती भराव्या लागणाऱ्या प्राप्तिकरातूनच वजा होई. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, अशा निवृत्त किंवा अल्प उत्पन्न असलेल्या घरमालकाला तिचा उपयोग नव्हता. शिवाय २०२२ च्या कायद्याने २०३४ पर्यंत दिलेली ही सवलत २०२५ च्या नव्या कायद्याने त्याच वर्षअखेर संपवली. पुढच्या वर्षी पॅनेल बसवू म्हणून पैसे जमवणाऱ्यांनी काय करायचे?

पॅनेलची हमी साधारणपणे पंचवीस वर्षांची असते, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मात्र त्याआधी एकदा तरी बदलावा लागतो. म्हणजे हा व्यवहार गृहकर्जाइतका दीर्घ आहे. गृहकर्जाच्या करारात व्याजाचा दर स्थिर की बदलता, हे लिहिलेले असते. तसेच सौर जोडणीच्या मंजुरीपत्रावरही परत दिलेल्या युनिटचे मोल कसे ठरेल आणि तो नियम कोणत्या तारखेपर्यंत बदलणार नाही, या दोन ओळी छापलेल्या असाव्यात. अनुदानाचा आकडा त्यांच्याखाली लिहिला तरी चालेल.

आपला,
एक वाचक