गॉब्लिन शार्कला राक्षस म्हणू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

खोल, अंधाऱ्या समुद्रात राहणाऱ्या गॉब्लिन शार्कचे व्हिडिओ हल्ली ‘समुद्री राक्षस’ म्हणून फिरतायत, बघून खरंच वाईट वाटतं. 1898 मध्ये जपानजवळच्या नमुन्यावरून त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि जवळपास 12.5 कोटी वर्षं जुन्या कुळातला आज तो एकटाच उरलाय. अंग ढिलं, पोहणं संथ, मग अंधारात शिकार करणार कशी? तर लांब नाकावरच्या सेन्सरनी भक्ष्याचे विजेचे बारीक सिग्नल पकडतो आणि अख्खा जबडाच गलोलीसारखा पुढे फेकतो, सेकंदाला 3.1 मीटरपर्यंत स्पीड मोजलाय! गुलाबी रंग म्हणजे पातळ कातडीतून दिसणारं रक्त. एवढी जबरदस्त उत्क्रांती आणि आपण पोरांना नुसतं घाबरवतोय. रविवारच्या पुरवणीत अशा शार्कवर नीट लेख छापा ना प्लीज.

– आपला एक नियमित वाचक