भाषेमुळं नाही, पाण्यामुळं फाटतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीमाभागावरचा तुमचा रविवारचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातला, गावात खताचं दुकान आहे. मुलगी बी.ए.ला भूगोल घेऊन शिकते. परवा रात्री ती मोठ्यानं पाठ करत होती, देश जोडणारी ती केंद्रगामी बलं, तोडणारी ती केंद्रोत्सारी, हार्टशोर्न नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं १९५० साली ही मांडणी केली वगैरे. तोडणाऱ्या बलांत पहिलाच शब्द होता भाषा. तुमच्या लेखातही तेच, कानडी बोलणारी गावं म्हणून कर्नाटकाकडं ओढा.

साहेब, हे आम्हाला पटत नाही. माझी आई घरात कानडी बोलते, मी दुकानात मराठी बोलतो, गिऱ्हाईक निम्मं वाक्य यातलं आणि निम्मं त्यातलं बोलतं आणि कुणाचं काही अडत नाही. जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा इथं आहेत, त्या शाळेत शिकलेली पोरं पुण्या-मुंबईत कामाला आहेत. आमच्याच जिल्ह्यातले खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले बघा, तमिळनाडू-केरळात सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून पिढ्या गेल्या, तिथली भाषा घरच्यासारखी बोलतात आणि जत्रेला न चुकता गावी येतात. भाषेनं यांना कुठं तोडलं?

२०१२ साली आमच्याकडच्या गावांनी कर्नाटकात जायचा ठराव केला तो पाण्यासाठी. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलतात, म्हैसाळ आमच्याच जिल्ह्यात, पण ते पाणी पूर्व भागातल्या गावांना मिळत नव्हतं आणि पलीकडं कर्नाटकातल्या शिवारात पाणी खेळताना दिसत होतं. टँकर आला की आई दारातून ओरडायची, "नीर बंतेन?", म्हणजे पाणी आलं का, आणि मी निळा बॅरल घेऊन पळायचो, कधी अर्धाच भरायचा कारण मागं अजून वीस घरं उभी असायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तो जुना ठराव काढून जतवर हक्क सांगितला तेव्हा कुठं म्हैसाळच्या वाढीव योजनेची कामं जोरात हलली. दहा वर्षं आम्ही मागत होतो तेव्हा का नाही हललं हे मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक सांगतो. आईला एकदा एका ऑफिसात, नाव लिहीत नाही, कानडीत बोलली म्हणून "तुम्ही तिकडच्या का?" असं विचारलं. जन्म इथला, मतदान इथं, आणि म्हातारी बाई परत येताना एस.टी.त एक शब्द बोलली नाही. माझ्या मते तोडणारं बल ते तिथं काउंटरवर होतं, आईच्या बोलण्यात नव्हतं.

मुलीनं मला पूर्व पाकिस्तानचं, म्हणजे आजच्या बांगलादेशाचं, उदाहरण दिलं. पाकिस्तानच्या दोन्ही भागांचा धर्म एक होता, मधे दीड हजार किलोमीटरहून जास्त भारत. तिथं बंगाली बोलतात म्हणून देश फुटला असं म्हणणं अर्धवट आहे, उर्दूच राजभाषा असं वरून लादलं, २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात पोरांवर गोळ्या चालवल्या, पुढं नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात लाखो माणसं गेली आणि मदत वेळेवर पोचली नाही, महिन्याभरात निवडणूक झाली तिचा निकाल मानला नाही, मग १९७१. उलट स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रभाषा आहेत आणि देश नीट चाललाय. म्हणजे भाषा दोन्हीकडं आहे, वागणूक वेगळी आहे.

म्हणून विनंती, आमच्या गावांवर लिहाल तेव्हा "कर्नाटकाकडं ओढा" असं हेडिंग देऊ नका. वार्ताहराला उन्हाळ्यात पाठवा, मार्च नाही, मे महिन्यात. कालव्याचं पाणी कुठल्या गावाच्या शिवेपर्यंत आलं आणि कुठं थांबलं ते गावांच्या नावांसकट छापा. बोलायला माणूस लागला तर माझी मुलगी दोन्ही भाषांत बोलेल.

आपला,
एक वाचक, ता. जत, जि. सांगली