जवानाच्या फाइलवर ‘व्यक्तिमत्त्व विकार’ लिहिण्याआधी: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री,
सादर नमस्कार.

लढाईवरून परतलेल्या जवानाच्या फाइलवर ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असा शेरा पडला, की दोष भरतीआधीचाच होता असे म्हणून अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारायला वाट मोकळी होते. आम्ही मानसोपचार करणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की हा शेरा एका बैठकीत मारता येत नाही.

माणूस भिंतीला पाठ लावून, दारावर नजर ठेवून बसतो. मागे खुर्ची सरकली तरी ताडकन उठतो. कागदावर तो ‘संशयी’ ठरतो. पण आघातोत्तर तणावात, म्हणजे पीटीएसडीत, नेमके हेच होते. जवळच्या स्फोटाने मेंदूला मार बसला असेल, तर चिडचिड आणि आततायीपणा त्यातूनही येतो.

खरा प्रश्न आहे तो हे कधीपासून, याचा. व्यक्तिमत्त्व विकाराची ठेवण किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात दिसू लागते. समाजविघातक प्रकारात तर पंधराव्या वर्षाआधीच्या वर्तनदोषाचा पुरावा लागतो. म्हणून लहानपणापासून ओळखणाऱ्या किमान एकाशी बोला, मोहिमेआधीचे सेवा-अहवाल काढा. (भरतीत तंदुरुस्त ठरलेला मुलगा लढाईनंतर ‘मुळातच सदोष’ कसा निघतो?) पीसीएल-5 ही पीटीएसडीच्या लक्षणांवरची 20 प्रश्नांची यादी चाळणीपुरतीच, निदानासाठी कॅप्स-5 ही तज्ज्ञाने घ्यायची ठरावीक प्रश्नांची मुलाखत घ्या, तिला पाऊण ते एक तास लागतो. दारू चालू असेल, तर ती सुटून काही आठवडे गेल्यावर पुन्हा तपासा.

2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जटिल पीटीएसडी हे वेगळे निदान आहे. भावना आवरत नाहीत, स्वतःची किंमत वाटत नाही, नाती टिकत नाहीत, हे सगळे त्यात बसते.

पीटीएसडी आणि व्यक्तिमत्त्व विकार एकत्रही असतात, आणि तेव्हा उपचार अवघड जातात. पण म्हणून आघातावरचे उपचार थांबवायचे नसतात. दीर्घ एक्स्पोजर पद्धतीत, म्हणजे टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरे जायला लावणाऱ्या उपचारात, साधारण दीड तासाची 8 ते 15 सत्रे असतात, आणि बरेच जण ती अर्ध्यावर सोडतात. अशांना फोन करून परत बोलवायला माणूस नेमावा लागतो. स्वतःला इजा करण्याची सवय असेल, तर डीबीटीची, म्हणजे भावना आवरायला शिकवणाऱ्या उपचाराची, जोड हवी. महिनोन्महिने डायझेपामसारखी शामक गोळी लिहून देणे हा उपचार नव्हे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2008 मध्ये युद्धक्षेत्रात राहिलेल्या सैनिकांसाठी, व्यक्तिमत्त्व विकाराच्या कारणावरून सेवामुक्त करण्याआधी, दुसऱ्या तज्ज्ञाचा दुजोरा सक्तीचा केला. तोच नियम आपण करावा, आणि असे शेरे मारून बंद केलेली जुनी प्रकरणे फेरतपासणीसाठी उघडावीत.

आपले,
माजी सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ