सणांच्या पाच सुट्ट्या कामगारांनी मागून घ्याव्यात

मा. संपादक,
स. न.

सरकारी सुट्ट्यांची यादी आली की सीमाभागात दरवर्षी तीच तक्रार: तिथीच्या शिवजयंतीला सुट्टी नाही, नरकचतुर्दशी, बलिप्रतिपदा आहे, पण लक्ष्मीपूजन नाही. मात्र ती यादी सरकारी कचेऱ्यांची. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांना ती जशीच्या तशी लागू नाही, हे कामगारांना कोणी सांगतच नाही.

कारखान्यांसाठी कर्नाटकचा 1963 चा वेगळा कायदा आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर या सुट्ट्या ठरलेल्या. शिवाय सणांच्या पाच भरपगारी सुट्ट्या, आणि त्या कोणत्या हे सरकारी निरीक्षकाने मालक व कामगार दोघांना विचारून ठरवायचे असते. बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचाच कागद तारखा बदलून पुढे सरकतो. मग विसर्जनानंतर निम्मी माणसे येत नाहीत, साचे तयार असून ओतकाम अडते आणि खाडा मांडला जातो कामगाराच्या नावावर.

मागणी डिसेंबरातच, लेखी, सर्वांच्या सह्यांनी द्यावी. कन्नड आणि मुस्लिम सहकाऱ्यांना बरोबर घ्यावे. गणेशचतुर्थी, दसरा, दिवाळी पाडवा, रमजान ईद यांवर एकमत व्हायला अडचण नसावी. खरी चर्चा उरते पाचव्या दिवसाची. शिवजयंती हवी असेल तर 19 फेब्रुवारी लिहू नये. बेळगावात ती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते, म्हणजे बसव जयंतीच्या आदल्या दिवशी; पंचांगातून त्या वर्षीची तारीख काढून घालावी. रविवार येत असेल तर ती सुट्टी तिथे वाया घालवू नये. गणपतीसाठी मागायची झाल्यास अनंत चतुर्दशीपेक्षा तिच्यानंतरचा दिवस मागावा, कारण आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जातेच.

खंडेनवमीबद्दल तर ठाम राहायला हवे. यंत्रपूजेला सकाळी हजर राहायला लावायचे आणि तोच दिवस पाचांत धरायचा, हे सरळ नुकसान आहे. कायद्यात सुट्टी पूर्ण दिवसाची आहे. ठरलेल्या सुट्टीला काम करून घेतले तर दुप्पट वेतन, नाहीतर त्या दिवसाचे वेतन आणि बदली सुट्टी मिळायला हवी. बदली सुट्टीची तारीख त्याच आठवड्यात हजेरीपटावर लिहून घ्यावी. तोंडी कबुलीवर राहिलेली सुट्टी पदरात पडत नाही.

– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव