उपचारानंतरच्या दिवसांचाही विचार हवा

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनानिमित्तचा आपला अग्रलेख वाचला. विक्री करणाऱ्या टोळ्यांवर कठोर कारवाई व्हावी, हे मान्यच. पण उपचार घेऊन घरी परतलेल्या मुलांविषयी त्यात एकही ओळ नसावी, याची खंत वाटली. खरी कसोटी केंद्रातून बाहेर पडल्यावरच लागते. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात म्हणूनच उपचारानंतरच्या पाठपुराव्याला मोठे महत्त्व आहे; रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ हा गटही आहे. माझा भाचा तीन वर्षे गर्द या अमली पदार्थापासून दूर आहे. त्याला सावरले ते पाठपुराव्याच्या बैठकांनी आणि चार ठिकाणी नकार मिळाल्यावर त्याला कामावर ठेवणाऱ्या एका गॅरेजमालकाने. मूल पुन्हा घसरले, तर अनेक घरे पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. वास्तविक मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीला एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ सेवनाबद्दलच्या खटल्यापासून संरक्षण देते. ही तरतूद आणि १४४४६ हा केंद्र सरकारचा मदत क्रमांक प्रत्येक पोलीस ठाण्यात व महाविद्यालयात दर्शनी भागी लावावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे