बदामाचं बटर चांगलंच, पण शेंगदाण्याला शेवटचा नंबर का?

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत नट बटरवरचा (दाणे, बदाम, काजू वाटून केलेल्या बटरवरचा) लेख वाचला, त्यात आल्मंड बटर पहिलं आणि पीनट बटर शेवटी टाकलंय, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. जिमला जाणारी पोरं ह्या बरण्या प्रोटीनसाठीच घेतात ना, मग प्रोटीनमध्ये शेंगदाणा मागे नाहीच, 100 ग्रॅमला 22 ते 25 ग्रॅम, बदामाच्यात 21 च्या आसपास आणि काजूच्यात तर 17-18. कॅलरी सगळ्यांच्या 600 च्या आगेमागेच, त्यामुळे महागातलं खाऊन वजन उतरेल असंही नाही.

बदाम सरस आहे तो व्हिटॅमिन ई आणि कॅल्शियममध्ये, हे मान्य. त्याच्या 100 ग्रॅम बटरला 350 मिलीग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम, शेंगदाण्याच्या बटरमध्ये 50 च्या आसपासच. पण कॅल्शियमच हवं तर तीळ आहेत की आपल्याकडे! सालीसकट तिळात 900 च्या वर असतं, फक्त ते बरंचसं सालीतच असतं, पॉलिश केलेले पांढरेशुभ्र तीळ आणले की गेलं (सालीतलंही सगळं अंगी लागत नाही, कॅल्शियम धरून ठेवणारं ऑक्झलेट असतं ना, तरी). आणि जवस? ओमेगा-3 ही चांगली चरबी शेंगदाण्यात, बदामात नसल्यातच जमा, जवसात भरपूर, मात्र भाजून कुटूनच खायचा, अख्खा तसाच पोटातून बाहेर पडतो. तीळ, जवस, कारळं, घरोघरी ह्यांच्या चटण्या होतात आणि लेखात ह्यांचं नावसुद्धा नाही, ह्याचं फार वाईट वाटलं.

अजून एक, बरणीवरची घटकांची यादी वाचा हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं. जे जास्त वजनाचं ते आधी लिहितात, दाण्यांनंतर लगेच साखर आणि मग पाम तेल असेल तर ती बरणी मुलांना रोज देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरी दाणे भाजून, सालं पाखडून मिक्सरला थांबत थांबत फिरवत राहा, आधी कूट होतं, मग तेल सुटून आपोआप मऊ होतं, वरून काही घालावं लागत नाही. काळपट, बुरशी आलेले दाणे मात्र आधीच निवडून टाका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजून पूर्ण जात नाही.

पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा तीळ-जवस घ्याच, आणि शेजारी 100 ग्रॅमची किंमत पण द्या, आमच्यासारख्या घरात आधी तीच बघतात.

एक वाचक, सांगली