धाव संपली तरी लगेच थांबू नका

संपादक महोदय,

मॅरेथॉनच्या हंगामात बूट, पाणी, आहार यांवर बरेच छापून येते. अंतिम रेषेनंतरच्या दहा मिनिटांबद्दल मात्र क्वचितच कोणी लिहिते. अनेक शर्यतींत तर रेषा ओलांडताच पदक, केळी आणि फोटो यांसाठी गर्दी होते आणि धावपटूला जागच्या जागी उभे राहावे लागते. नेमके हेच घातक ठरू शकते.

धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतले रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबले की हे ढकलणे बंद पडते. रक्तवाहिन्या मात्र अजून फुललेल्याच असतात. रक्त पायांत साचते, दाब उतरतो आणि घेरी येते. दमट हवेत हे जास्त होते. चांगला सराव असलेलेही यातून सुटत नाहीत. लांब पल्ल्याच्या सरावाने हृदयाचा डावा खालचा कप्पा मोठा आणि लवचीक होतो. विश्रांतीत एका ठोक्याला ७० मिलिलिटरऐवजी शंभरच्या आसपास रक्त बाहेर पडते, म्हणून नाडी ५०वर आली तरी भागते. पण परतणारे रक्त घटले की अशा हृदयाचा ठोका अधिकच रिकामा पडतो. म्हणून निदान पाच-दहा मिनिटे चालावे. घेरी आलीच तर आडवे होऊन पाय उंच ठेवावेत.

सरावाने कमाल ठोके वाढत नाहीत. कमाल ठोके काढायचे '२२० वजा वय' हे सूत्रही दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते, त्यावरून जिममध्ये कुणाला दटावू नये! त्यापेक्षा ठोके किती लवकर उतरतात ते पाहावे. जोराची धाव संपताच १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा आणि चालत राहून एका मिनिटाने पुन्हा मोजा. मनगटावरचे घड्याळ सैल असले की चुकते. फरक वारंवार १२ किंवा त्याहून कमी येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. एखाद्याच मोजणीवरून घाबरू नये, कारण उकाडा आणि अपुरी झोप यांनीही उतार मंदावतो. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारी औषधे) घेणाऱ्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत.

आयोजकांनी रेषेपुढे दोनशे मीटर मोकळे ठेवून पदके त्यापलीकडे द्यावीत. स्वयंसेवकांना आणखी एक गोष्ट शिकवावी: धावता धावता कोसळलेला माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर त्याला घेरी आली असे समजू नये. लगेच छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला सुरुवात करावी आणि दुसऱ्याला एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आणायला पाठवावे.

– क्रीडावैद्यकाचे एक अभ्यासक, पुणे